चौथीच्या उंचीचा बोका

पन्नास येनांवरून हे सगळं सुरू झालं.

जपानमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घरातली मोठी माणसं मुलांना छोट्या पाकिटातून पैसे देतात. आपल्याकडे आजी निघताना नातवाच्या मुठीत खाऊला म्हणून नोट कोंबते, तसलाच प्रकार. बाविसाव्या शतकातल्या सेवाशी नावाच्या मुलाला त्या दिवशी मिळाले जेमतेम पन्नास येन. कारण काय, तर खापरपणजोबांनी करून ठेवलेलं कर्ज अजून फिटायचंच आहे. पोरगं वैतागलं. त्याने घरातला निळा, बिनकानाचा, बोक्याच्या रूपातला यंत्रमानव टाइम मशीनमध्ये बसवला आणि थेट विसाव्या शतकात, खापरपणजोबांच्या अभ्यासाच्या टेबलाच्या खणातून बाहेर काढला. मागोमाग स्वतःही आला. खापरपणजोबा तेव्हा प्राथमिक शाळेत शिकत होते. म्हणजे शाळेत जात होते.

‘डोरेमॉन’ची ही पहिली गोष्ट जानेवारी १९७० च्या अंकांत छापून आली. तीत सेवाशी आपल्या खापरपणजोबांना, म्हणजे नोबिताला, भविष्यातल्या फोटोंचा आल्बम दाखवतो. १९७९ : कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नापास. १९८८ : नोकरी कुणी देईना म्हणून स्वतःची कंपनी. १९९३ : फटाक्यांच्या खेळात कंपनी जळून खाक. १९९५ : दिवाळं, आणि दारात कर्जवाल्यांची रांग. (दिवाळी अंकासाठी लिहिताना फटाक्यांच्या फोटोपाशी जरा जास्त रेंगाळलो, कबूल करतो.) गंमत अशी की, लग्नमुंजीच्या फोटोखाली लिहावं तसं यातल्या संकटांच्या फोटोंखालीही त्या त्या प्रसंगाचं नाव घालून ‘स्मरणार्थ’ लिहिलेलं आहे. आणि बायको कोण, तर गल्लीतला दांडगोबा जियान याची बहीण जायको. नोबिताच्या मनात मात्र वर्गातली शिझुका.

नोबिता घाबरतो, पण एक शंका त्याला बरोबर सुचते. माझं नशीब बदललं आणि लग्न दुसरीशी झालं, तर तू जन्माला येशील का? सेवाशी म्हणतो, टोकियोहून ओसाकाला जायचंय. विमानाने जा, आगगाडीने जा, बोटीने जा, दिशा बरोबर असली की ओसाकाला पोचतोसच. कालप्रवासाच्या या कोड्यावर भल्याभल्यांनी प्रकरणंच्या प्रकरणं खर्ची घातली आहेत. इथे ते एक-दोन चौकटींत उरकलंय, आणि वाचणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोराची खात्रीही पटते.

मी मांगाचा जाणकार नाही. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या, पुस्तक आपल्या मते शेवटाकडून उघडायचं, एवढं कळायलाही मला चाळिशी उलटावी लागली. डोरेमॉन आमच्या घरात आला तो हिंदी बोलत, मुलाच्या कार्टून चॅनेलवरून. २००५ पासून तो भारतात दिसू लागला आणि पुढची काही वर्षं संध्याकाळचा आमचा टीव्ही त्याच्याच मालकीचा होता. तेव्हा मी त्याच्याकडे ‘रिमोट लपवण्याचं कारण’ एवढ्याच नजरेने पाहिलं. मग टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणारा माझा भाचा सुट्टीत आला. त्या वस्तीत भारतीय बरेच आहेत, मराठी घरंही आहेत. त्याने मुलासाठी दोन पुस्तकं आणली होती : चित्रांमधल्या फुग्यांत इंग्रजी, शेजारी बारीक अक्षरांत मूळ जपानी. मुलाने चाळून बाजूला ठेवली. मी दुपारी आडवा पडलो होतो, हाताशी दुसरं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही संपली आणि मी भाच्याला विचारलं, “अजून किती आहेत रे?”

“पंचेचाळीस,” तो म्हणाला. “मामा, सावकाश.”

कागदावरचा डोरेमॉन टीव्हीवरच्यापेक्षा कोरडा आहे, आणि मला तो त्यामुळेच आवडला. गोष्ट बहुतेक वेळा आठ-दहा पानांची. नोबिता रडत येतो, डोरेमॉन पोटावरच्या खिशातून काहीतरी काढतो, नोबिता त्याचा अतिरेक करतो, फजिती होते, शेवटच्या चौकटीत तोंडघशी पडतो. संपलं. त्याने काय धडा घेतला, हे सांगायला कुणी थांबत नाही. टीव्हीवर संगीत आणि अश्रू मिळून ती जागा भरून काढतात.

हा आखूड, कोरडा घाट आला कुठून, ते मला बरंच नंतर कळलं. ही मालिका कुठल्या साप्ताहिकात क्रमशः आलीच नव्हती. ती आली इयत्तांच्या मासिकांत.

शोगाकुकान ही जपानमधली बडी प्रकाशनसंस्था. तिच्या नावातच ‘शोगाकू’, म्हणजे प्राथमिक शाळा, हा शब्द आहे. १९२२ मध्ये ती निघाली तीच मुळी पाचवी आणि सहावीच्या मुलांसाठी मासिकं काढायला. पुढे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र मासिक झालं : पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, शाळेत न जाणाऱ्या पिल्लांचंही वेगळं. त्यात गोष्टी, कोडी, थोडा अभ्यास, आणि पुठ्ठ्याचे भाग दुमडून, खाचांत अडकवून जोडायची एखादी वस्तू फुकट. मूल वरच्या वर्गात गेलं की त्याचं मासिकही बदलायचं. आपल्याकडे वर्ग बदलला की पुस्तकं बदलतात, गोष्टींचं मासिक तेच राहतं. तिथे मासिकालाही इयत्ता होती.

जानेवारी १९७० मध्ये ‘डोरेमॉन’ अशा सहा मासिकांत एकाच वेळी सुरू झाला. चित्रकार फुजिको फुजिओ यांनी पहिली गोष्ट सहा वेळा, सहा तऱ्हांनी काढली. बालवाडीसाठी मोठी चित्रं, थोडे शब्द. चौथीसाठी कर्ज, दिवाळं आणि ओसाकाची गाडी. वर सांगितली ती चौथीची. या सहाही सलाम्या एकत्र वाचायला जपानी वाचकांना २०१९ पर्यंत थांबावं लागलं. मालिकेला पन्नास वर्षं होत असताना त्यांचं एक पुस्तक निघालं आणि त्याला क्रमांक दिला शून्य. नोबिताच्या उत्तरपत्रिका पाहिलेल्या वाचकाला या आकड्याचं वेगळं काही सांगायला नको.

आता डोरेमॉनच्या अंगाची मापं पाहा. उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, छातीचा घेर १२९.३, आणि जन्मतारीख २११२ सालच्या नवव्या महिन्याची तीन. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. त्या काळच्या चौथीतल्या मुलांची साधारण उंची तेवढी होती. बोक्याने नोबिताकडे वरून पाहायचं नाही, खालूनही नाही. डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. नोबिताही पुस्तकांत बहुतेक ठिकाणी चौथीतच आहे.

पण इयत्तेच्या मासिकाची खरी करामत मार्चमध्ये दिसते. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. म्हणजे दर मार्चला प्रत्येक मासिकाचे सगळे वाचक एकगठ्ठा निघून जाणार आणि एप्रिलमध्ये नवे येणार. असं चक्र असेल तर गोष्ट वर्षानुवर्षं पुढे नेता येत नाही. म्हणून नोबिता मोठा होत नाही. आणि म्हणूनच या मालिकेत शेवटाची गोष्ट एकदा नाही, एकाहून जास्त वेळा आली : १९७१ च्या मार्चमध्ये, १९७२ च्या मार्चमध्ये, आणि जिच्या आठवणीने आज साठीला आलेली माणसंही गप्प होतात ती, १९७४ च्या मार्चमध्ये.

ती तिसरीच्या मासिकात आली. डोरेमॉनला भविष्यात परत जावं लागणार आहे. आदल्या रात्री दोघांना झोप लागत नाही, ते फिरायला बाहेर पडतात. डोरेमॉन डोळे पुसायला म्हणून जरा बाजूला जातो. तेवढ्यात झोपेत चालणारा जियान समोर येतो आणि जागा झाल्यावर, आपल्याला या अवस्थेत पाहिलं म्हणून, नोबितालाच धरतो. एरवी या ठिकाणी नोबिता ‘डोरेमॉन!’ म्हणून टाहो फोडतो. या वेळी तो ओरडत नाही. आपण एकट्याने जिंकलो नाही तर डोरेमॉनचा जीव इथेच अडकून राहील, म्हणून तो मार खातो, पडतो, उठतो, पाय धरून लोंबकळतो. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो आणि निघून जातो. डोरेमॉन सुजलेल्या तोंडाच्या नोबिताला घरी आणतो आणि रात्रभर त्याच्या अंथरुणाशी बसून राहतो. एका चौकटीत तो बसलेला आहे. पुढच्या चौकटीत उजाडलंय, आणि तो नाही. निरोपाचा शब्द नाही, टाइम मशीनचा आवाज नाही. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत तो गेला. चित्रकथेला जे जमतं आणि सिनेमाला जमत नाही, ते या पट्टीत आहे. शेवटी रिकाम्या खोलीत एकटा नोबिता.

पुढच्या महिन्यात तीच मुलं चौथीत गेली. त्यांच्या हातात आता चौथीचं मासिक आलं, एप्रिल १९७४ चं, आणि त्यात डोरेमॉन परत आला होता! तोही एप्रिल फूलच्या थापेवरून. डोरेमॉनला पाहिलं असं जियान खोटंच सांगतो, नोबिता धावत सुटतो, सगळे हसतात. मग जाताना डोरेमॉनने ठेवलेल्या पेटीतून एक औषध निघतं. ते प्यायलं की तुम्ही जे बोलाल ते खोटं ठरतं. नोबिता आधी जियानचा नि त्याचा जोडीदार सुनिओ याचा सूड उगवतो, आणि घरी येताना उदास होऊन पुटपुटतो की डोरेमॉन आता परत यायचा नाही. घरात शिरतो तर समोर डोरेमॉन. औषधाचा अंमल अजून उतरलेला नाही, त्यामुळे आनंदाने रडणारा नोबिता सगळंच उलटं बोलतोय : मला मुळीच आनंद झालेला नाही, आपण इथून पुढे एकत्र राहायचं नाही, अशा अर्थाचं. जपानीत क्रियापदाचं होय-नाही वाक्याच्या अगदी शेपटाला लागतं, आपल्यासारखंच. ‘आनंद झाला’ ऐकायला कान टवकारावेत आणि शेवटी ‘नाही’ यावं, ही मजा इंग्रजी अनुवादात निम्मी होते. मराठीत ती जशीच्या तशी उतरेल. कुणीतरी करायला हवं.

एकगठ्ठा पुस्तकं निघायला सुरुवात झाली तीही १९७४ मध्येच. सहावं पुस्तक निरोपाने संपतं, सातवं परत येण्याने उघडतं. एकूण गोष्टी तेराशेच्या वर. त्यातल्या निवडक तेवढ्या पंचेचाळीस पुस्तकांत आहेत.

खिशातून निघणाऱ्या वस्तूंबद्दल नुसतीच यादी द्यायची तर हा अंक पुरायचा नाही. डोक्याला लावून उडायची भिरभिरी आणि हवं तिथे उघडणारं दार सगळ्यांना ठाऊक आहे. मला आवडतो तो पाठांतराचा पाव. पुस्तकाच्या पानावर पावाचा तुकडा दाबायचा, मजकूर त्यावर उमटतो, तो खाल्ला की पाठ. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता पावावर पाव खातो. पोट बिघडतं, आणि पाठ केलेलं सगळं ज्या वाटेने जायचं त्या वाटेने जातं. घोकंपट्टीवर इतकी नेमकी टीका मी कुठल्या शिक्षण आयोगाच्या अहवालात वाचलेली नाही.

दुसरी गोष्ट कुरीमांजूची. कुरीमांजू म्हणजे आत गोड पुरण असलेला छोटासा बन. त्यावर डोरेमॉनच्या औषधाचा एक थेंब टाकला की दर पाच मिनिटांनी त्याचे दुप्पट होतात. खाल्लेला वाढत नाही, उरलेला वाढतो. नोबिताला शेवटचा जात नाही, तो कचऱ्यात टाकतो. डोरेमॉन हिशेब सांगतो : तासाभरात ४,०९६, दोन तासांत १,६७,७७,२१६. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ही तीच, फक्त राजा नाही आणि बन गोड आहे. डोरेमॉन सगळे गठ्ठ्यात बांधून रॉकेटने अवकाशात सोडून देतो आणि गोष्ट संपते. संपते? मी कागद-पेन घेऊन बसलो. दिवसात पाच-पाच मिनिटं २८८ वेळा येतात. पहिल्या दिवसाअखेरीस बनांची संख्या ८७ आकडी होते. दिसणाऱ्या विश्वात जेवढे अणू असावेत असा अंदाज आहे, त्याहून ही जास्त. त्या शेवटच्या चौकटीतलं शांत आभाळ तेव्हापासून मला तितकंसं शांत वाटत नाही.

फुजिको फुजिओ हे एका माणसाचं नाव नव्हे. आपल्याकडच्या संगीतकार जोड्यांसारखी ती जोडी होती : हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको. तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावात पाचवीच्या वर्गात दोघं भेटले. आबिको एका देवळाच्या पुजाऱ्याचा मुलगा, वडील गेल्यावर शाळा बदलून आलेला. फुजिमोतो अशक्त, लाजरा, खेळात ढ. नोबिता म्हणजे मीच, असं ते पुढे सांगत. चित्रकथाकार ओसामू तेझुका हे दोघांचं दैवत. १९५४ मध्ये टोकियोत आल्यावर ‘तोकिवा-सो’ नावाच्या लाकडी, दुमजली चाळवजा इमारतीत तेझुकांनी रिकामी केलेली खोलीच त्यांना मिळाली, त्यांच्या टेबलासकट. त्या एका इमारतीतून पुढचे इतके चित्रकथाकार निघाले की ती पाडल्यावर पुन्हा तशीच उभारून २०२० मध्ये तिचं संग्रहालय करण्यात आलं.

डोरेमॉनच्या जन्माची कथा फुजिमोतोंनी स्वतःच चित्रांत सांगितली आहे. नव्या मालिकेची जाहिरात छापून गेली, तीत टेबलाचा उघडा खण तेवढा आहे आणि त्यातून काय निघणार, ते त्यांनाही माहीत नाही! मुदतीची रात्र. भटक्या मांजराची आठवण, डोक्यात विचारांचा गुंता, वेळ वाया. सकाळी घाईने जिना उतरताना पाय अडखळला तो मुलीच्या बाहुलीवर : ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी, गोलमटोल. मांजर अधिक बाहुली, झाला डोरेमॉन. ‘दोरा’ म्हणजे उनाड बोका, ‘एमोन’ हा जुन्या वळणाच्या पुरुषी नावांचा शेपटा. मराठीत करायचं तर ‘बोकोबा’च्या आसपास.

आबिकोंनी डोरेमॉन काढला नाही, तो फुजिमोतोंचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दोघांनी सामाईक सही थांबवली, मैत्री राहिली. सप्टेंबर १९९६ मध्ये फुजिमोतो टेबलावर काम करतानाच बेशुद्ध पडले, ते पुन्हा उठले नाहीत. इयत्तांची मासिकंही २०१० च्या सुमारापासून एकेक करून मिटली. आज पहिलीचं तेवढं उरलं आहे.

आता हत्तीबद्दल. पाचव्या पुस्तकातली ही गोष्ट मी सगळ्यांत जास्त वेळा वाचली आहे.

नोबिताचा काका भारतातून परत आलाय. तो लहानपणची आठवण सांगतो : युद्धकाळात प्राणिसंग्रहालयात हनाओ नावाचा हत्ती होता, त्याच्यावर काकाचा फार जीव. मुलांना खेड्यात हलवलं, आणि युद्धानंतर परत आल्यावर कळलं की हत्तीला मारून टाकलं. यामागे खरी हकीकत आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात, बॉम्ब पडले तर जनावरं मोकाट सुटतील म्हणून, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या हिंस्र आणि मोठ्या प्राण्यांना मारण्याचा हुकूम निघाला. हत्ती तीन होते. विष घातलेले बटाटे ते खाईनात. शेवटी त्यांना उपाशी ठेवण्यात आलं. त्यातल्या एका हत्तिणीचं लाडकं नाव हनाको. जपानीत ‘को’ हा मुलींच्या नावाचा शेवट, ‘ओ’ मुलांच्या. हनाओ कुठून आला, ते कळतं.

नोबिता आणि डोरेमॉन टाइम मशीनने तिथे जातात. माहूत रडतोय, लष्करी अधिकारी गुरकावतोय. ही दोघं हसत हसत सांगून टाकतात की काळजी नको, युद्ध आता संपतंच आहे, आणि जपान हरणार आहे. अधिकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा आहे. हे काढणारा माणूस युद्ध संपलं तेव्हा अकरा वर्षांचा होता, हे लक्षात ठेवून ती चौकट पाहावी. मग ते हत्तीला प्रकाशझोताने छोटा करतात, टपालाच्या रॉकेटमध्ये घालतात आणि भारतात पाठवून देतात.

खऱ्या इतिहासात हत्तीचा प्रवास उलट दिशेने झाला. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी पत्रं लिहून भारताकडे हत्ती मागितला, आणि नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण पाठवली. सप्टेंबर १९४९ मध्ये ती उएनोला पोचली. नाव इंदिरा. १९८३ पर्यंत ती तिथे होती. हनाओची गोष्ट छापून आली तेव्हा मासिक हातात घेतलेली टोकियोतली मुलं रविवारी जाऊन तिला बघू शकत होती.

इकडे नोबिता घरी येतो तर काका दुसरी हकीकत सांगतोय. भारतातल्या जंगलात तो वाट चुकला, पावसात भिजून ग्लानीत पडला. तेव्हा एक हत्ती आला, त्याने त्याला पाठीवर घेऊन वस्तीपर्यंत आणलं. काका म्हणतो, तो हनाओ होता. घरातली मोठी माणसं म्हणतात, तापात स्वप्न पडलं असेल. नोबिता आणि डोरेमॉनला तेवढं खरं काय ते माहीत.

भाच्याची मुलगी निशी-कासाईत तिसरीत आहे. गेल्या खेपेला ही गोष्ट आम्ही दोघांनी मिळून वाचली. ती जपानी फुगे, मी इंग्रजी. संपल्यावर तिने विचारलं, “आजोबा, पण हनाओ इंडियात नक्की कुठे उतरला?” पुस्तकात ते दिलेलं नाही. मी भिंतीवरचा नकाशा दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं आणि नाशिकवर बोट ठेवलं. तिची पणजी तिथे राहते, आणि अंगण मोठं आहे.